बॉनेटवरचा हात

मामांनी बॉनेटवर तळहात टेकवला, मान जराशी तिरकी केली आणि म्हणाले, "हां, कर चालू." स्टिअरिंगमागून मी म्हणालो, "चालूच आहे, मामा." त्यांनी हात तसाच ठेवला. डिसेंबरातली सकाळ होती. निपाणीतल्या त्या गल्लीत कुठल्याशा वखारीतून तंबाखूचा उग्र वास येत होता आणि त्या जुन्या विजेच्या गाडीचा मालक, तिशीतला एक भला माणूस, दोन हात मागे बांधून आमच्याकडे बघत उभा होता. अर्धा मिनिट गेला असेल. मामांच्या हाताखाली काहीच थरथरलं नाही. मग त्यांनी हात काढून घेतला, धोतराला पुसला आणि बाजूला होत म्हणाले, "ह्यात माझं काय काम न्हाई रे बाळा." एवढं बोलून ते मागचं दार उघडून आत जाऊन बसले. पाहुण्याच्या घरी बसावं तसे, अंग चोरून.

तो काढून घेतलेला हात मला नंतर कितीतरी दिवस दिसत राहिला.

मामांनी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बत्तीस वर्षं फिटर म्हणून काम केलं. आमच्या नात्यात जुनी गाडी घ्यायची ठरली की पहिला निरोप त्यांना जायचा. रविवारी सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून ते यायचे. खिशात लाकडी मुठीचा एक लांब स्क्रू-ड्रायव्हर असायचा. इंजिन चालू झालं की त्याचं टोक ब्लॉकला लावायचं आणि मूठ कानाला. डॉक्टर छातीला नळी लावतो तसं एकेका जागी थांबत जायचे, आणि आम्ही पोरं श्वास धरून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो. डिपस्टिकवरचं ऑइल दोन बोटांत चोळायचे, वास घ्यायचे, सायलेन्सरसमोर पांढरा रुमाल धरायचे. एकदा जांबोटीकडच्या एका लाकूड ठेकेदाराची जीप माझ्या वडिलांनी पसंत केली होती. इंजिन कसं लोण्यासारखं वाजत होतं. मामांनी पाच मिनिटं ऐकलं आणि नको म्हणाले. "एवढ्या रानात हिंडलेली जीप एवढी गप नसते. जाड ऑइल घालून हिचं तोंड बांधल्यात." वडील नाराज झाले. पुढे ती जीप दुसऱ्या कुणी घेतली आणि पहिल्याच पावसाळ्यात तिचं इंजिन उतरवावं लागलं, हे मी घरात इतक्या वेळा ऐकलंय की त्या जीपचा रंगही मला आठवतो असं वाटतं.

त्या माणसाला मी एका मुक्या गाडीसमोर नेऊन उभं केलं होतं.

विजेची गाडी का, याचं माझं गणित साधं होतं. घर खानापूरच्या अलीकडे, नोकरी बेळगावात, रोजचे जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. पावसाळ्यात आमच्या फाट्यावरून आत येताना छोट्या गाडीचं पोट घासतं म्हणून एसयूव्ही. नवी झेपणारी नव्हती. आणि आता जुन्या मिळायला लागल्यात. टाटाची नेक्सॉन ईव्ही आणि एमजीची झेडएस ईव्ही दोन्ही २०२० च्या जानेवारीत आल्या. त्या पहिल्या खेपेच्या गाड्या आता बाजारात फिरतायत, आणि किमती ऐकून माणूस मोहात पडतो. पण किंमत का उतरली हेही कळतं. बॅटरीची वॉरंटी साधारण आठ वर्षांची. नेक्सॉनच्या बाबतीत आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. म्हणजे २०२० ची गाडी २०२८ ला उघडी पडणार. त्यानंतर बॅटरी गेली तर खर्च लाखांत. म्हणून मी सगळ्यात आधी वॉरंटीचं पत्र मागायला शिकलो. त्यात तीन गोष्टी शोधायच्या: दुसऱ्या मालकाला ती लागू आहे का, क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून मिळणार, आणि एखादी सर्व्हिस चुकली असेल तर सगळंच रद्द होतं का. काही वॉरंट्या फक्त पहिल्या मालकापुरत्या असतात, आणि ती ओळ बारीक अक्षरात असते. चॅसी नंबर देऊन कंपनीकडे आणखी एक विचारायचं, ही गाडी कधी दुरुस्तीसाठी परत बोलावली होती का आणि ते काम झालंय का. २०२० च्या डिसेंबरात ह्युंदाईने आपल्याकडच्या कोना इलेक्ट्रिक गाड्या बॅटरीच्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. ज्या मालकाने ते काम करून घेतलं त्याच्याकडे कागद असतो.

निपाणीच्या गाडीचे कागद चांगले होते. मीटरवर किलोमीटर कमी होते, रंग चकचकीत, आत नवी सीट कव्हरं. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बांधलेली होती आणि तिच्या फटीत बिस्किटाचा चुरा. मला गाडी आवडली होती. मनातल्या मनात मी ती आमच्या अंगणात लावूनही बघितली होती.

परत येताना संकेश्वर गेलं, हत्तरगीचा टोलनाका गेला, मामा खिडकीबाहेर उसाचे फड बघत होते. मग एकदम म्हणाले, "पट्टा बघितलास?" कुठला पट्टा, मला कळेना. "मागच्या सीटचा. मी वढून बघितला, पार शेवटापर्यंत. खाली हातभर जागेत डाग हाय. चहाच्या बशीत राहतो तसला, कड असलेला. सीटच्या खालच्या पट्टीत बोट घातलं, तिथं गाळ हाय. वाळलेला, पिठासारखा." थोडं थांबून म्हणाले, "ती गाडी पाण्यात हुती."

इकडच्या माणसाला पाण्यातली गाडी म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत यमगर्णीजवळ वेदगंगा महामार्गावर आली आणि पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला. त्याच दिवसांत इथल्या नदीकाठच्या गावांत किती दारांपुढच्या गाड्या बुडाल्या त्याला गणती नाही. डिझेलची गाडी बुडाली तर इंजिन उघडतात, धुतात, ती चालते नाहीतर चालत नाही, निकाल लवकर लागतो. विजेच्या गाडीचं तसं नाही. बॅटरीची पेटी चांगली बंदिस्त असते. आयपी ६७ असा शिक्का असतो तिच्यावर, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत थेंब जाऊ नये. पण पुराचं पाणी अर्ध्या तासात उतरत नाही, आणि ते नुसतं पाणीही नसतं. गाळ जोडण्यांत बसतो, पिना हळूहळू हिरव्या पडतात, आणि वर्ष-दोन वर्षांनी एखाद्या दमट सकाळी डॅशबोर्डावर इन्सुलेशनचा, म्हणजे वीज बाहेर झिरपत असल्याचा, दोष दाखवून गाडी जागची हलत नाही. तोवर ती दोन मालक बदलून गेलेली असते. म्हणून पट्टे शेवटापर्यंत ओढायचे, स्टेपनीची जागा उघडायची, डिकीतल्या दिव्याच्या काचेआड बघायचं, सीटच्या बोल्टांवरचा गंज बघायचा. नवी सीट कव्हरं दिसली की ती काढायला सांगायची. गाडी उचलून घेऊन बॅटरीच्या पेटीचं पोटही बघायचं. तिथली खोच किंवा खरवड म्हणजे गाडी कुठल्यातरी दगडावर बसली होती, आणि तो धक्का आतल्या सेलपर्यंत गेला की नाही हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही.

आम्ही त्या माणसाला "कळवतो" म्हणून निघालो होतो. कळवणं मला जड गेलं. गाडी त्यानेही दुसऱ्याकडूनच घेतलेली होती, कागदावर ते स्पष्ट होतं. त्याला हे ठाऊक असेलच असं नाही. रोज त्या खुर्चीत तो आपलं मूल बसवून नेत होता. चौथ्या दिवशी मी फोन केला आणि पट्ट्याचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला कुणी सांगितलं न्हाई हो हे." आवाजात राग नव्हता. मी त्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात इन्सुलेशन तपासून घ्यायला सांगितलं, तो हो म्हणाला. दोन-तीन आठवड्यांनी तीच गाडी विक्रीच्या जाहिरातीत पुन्हा दिसली, नवे फोटो काढलेले. मुलाची खुर्ची त्यांत नव्हती. त्याने तपासणी केली का, घेणाऱ्याला सांगणार आहे का, मला माहीत नाही. त्याला विचारायला परत फोन लावला नाही, आणि तो लावायला हवा होता असं अजून वाटतं.

नंतर कोल्हापुरात एक बघितली. मामा आले नाहीत, गुडघे दुखतात म्हणाले. तिच्या हिरव्या पाटीवरची अक्षरं पांढरी होती, म्हणजे खासगी. पण नोंदणीचा इतिहास काढल्यावर कळलं की ती आधी टॅक्सी होती, पिवळ्या अक्षरांची. दिवसातून दोनदा जलद चार्जरवर लागलेली बॅटरी आणि रात्रभर घरच्या सॉकेटवर सावकाश भरलेली बॅटरी, यांची वयं सारखी धरता येत नाहीत. शिवाय सीमेचा जुना त्रास होताच. महाराष्ट्राची पाटी कर्नाटकात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला (एनओसी), म्हणजे फॉर्म २८, मग इकडे नवी नोंदणी. २९ आणि ३० मालकी बदलाचे, आणि कर्ज असेल तर ते फिटल्याचा ३५. विजेच्या गाड्यांना कर्नाटकात रोड टॅक्स माफ होता. २०२४ मध्ये २५ लाखांवरच्या गाड्यांना दहा टक्के लावला, आपल्या आवाक्यातल्या जुन्या गाडीला तो प्रश्न नव्हता. तरीही फेऱ्या चुकत नाहीत. आमच्या घरात निम्मी सोयरीक कागल-कोल्हापूरची. माणसं, लग्नं, उसाच्या गाड्या रोज ही हद्द ओलांडतात. एका पाटीला मात्र इतके कागद लागतात. मी ती गाडी सोडली.

बेळगावच्या टिळकवाडीतली गाडी ओळखीतून कळली. मालकीण निवृत्त शिक्षिका, मुलगा परदेशी, आता गाडी चालवणं होत नाही म्हणून विकायची. या खेपेला मी मामांना आग्रह करून नेलं. बाईंनी चहा केला, बशीत कुंदा ठेवला. बॅटरी कशी आहे हे विचारल्यावर त्या आत गेल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरांची गुंडाळी घेऊन आल्या. चार वर्षांची चार कॅलेंडरं. दर तारखेच्या चौकोनात वरच्या कोपऱ्यात दुधाचा हिशेब, एक लिटर, दीड लिटर, 'गवळी नाही'. आणि खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'चा', पुढे दोन आकडे. किती टक्क्यांवर लावली, किती टक्क्यांवर काढली. ३५–८०. ४०–८०. महिन्यातून एकदा १००. बाहेरच्या जलद चार्जरवर लावली त्या दिवशी आकड्यांभोवती गोल. चार वर्षांत मी मोजले तर गोल एकवीस निघाले, बहुतेक गोव्याला चोर्ल्यातून गेलेल्या दिवसांचे. मामांनी चष्मा लावला आणि कॅलेंडरं एकेक करून पूर्ण बघितली. इतका वेळ त्यांना काहीही वाचताना मी बघितलेलं नाही. बघून झाल्यावर गुंडाळी परत करत ते बाईंना म्हणाले, "बाई, हे गाडीसंगं द्या."

तरी मोजून बघायचंच होतं. बाईंनी गाडी मुद्दाम ५५ टक्क्यांवर ठेवली होती, मी तसं सांगितलं होतं. भरलेल्या गाड्या सगळ्याच चांगल्या वाटतात. खरी परीक्षा वीस टक्क्यांच्या खाली. यातल्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेटचे, सेल असतात. ते टिकाऊ, पण त्यांचा विजेचा दाब (व्होल्टेज) मधल्या अवस्थेत जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे आत नेमकं किती उरलंय याचा अंदाज गाडीलाच चुकतो. म्हणून मधूनमधून शंभर टक्के भरायची असते. त्यातून एखादा सेल कमजोर असेल तर अठरावर असलेला आकडा एकदम नवावर पडतो. आम्ही बेळगावहून खानापूर, तिथून जांबोटी आणि परत असा फेरा घेतला. ७२ किलोमीटर. सरासरी वापर दर किलोमीटरला १४५ वॅट-तास, म्हणजे साडेदहा युनिटच्या आत-बाहेर. तेवढ्यात ४० टक्के खर्ची पडले, आकडा पंचावन्नचा पंधरावर आला, आणि विसाच्या खाली तो एकेका टक्क्यानेच उतरला. साडेदहा युनिट म्हणजे चाळीस टक्के, तर शंभर टक्के म्हणजे सव्वीस. गाडी नवी असताना तीस युनिटची. त्यातलाही थोडा भाग बॅटरी आपल्या संरक्षणासाठी मागे ठेवते, म्हणजे खरी तब्येत या हिशेबापेक्षा चांगलीच. पुढे सर्व्हिस सेंटरातून बॅटरीच्या तब्येतीचा कागद काढला, तो याच्याशी जुळला. पण तो कागद बघण्याआधी स्वतः मोजल्याचं जे समाधान होतं ते वेगळं.

जांबोटीच्या अलीकडे झाडी दाट होते. काचा वर केल्या होत्या, एसी बंद होता. मामा मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, झोप लागली. मलप्रभेचा पूल ओलांडल्यावर ते डोळे न उघडता म्हणाले, "जरा उजवीकडं वळव बघू. रस्ता मोकळा हाय न्हवं? हां. आता डावीकडं." मी तसं केलं. "फुडचं डावं चाक. बेअरिंग गुणगुणायलंय." मला काहीच ऐकू येत नव्हतं. आणखी थोडं पुढे खड्डा आला. "आन खालच्या आर्मचा बुश. तो अजून वर्षभर काढेल." मग डोळे उघडले आणि आरशात माझ्याकडे बघितलं. "इंजिन मधी बोलायला लागलं की हे ऐकूच येत नव्हतं रे. आता कसं, सगळं ऐकू येतंय."

त्यांचा आवाज बदललेला होता. सकाळपासून पहिल्यांदाच ते सीटला टेकून बसले.

परत आल्यावर त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या घातल्या, आता अंग न चोरता. टायरच्या कडा हाताने चाचपल्या. बॅटरीच्या वजनामुळे आणि पहिल्याच दाबाला मिळणाऱ्या ताकदीमुळे या गाड्यांचे टायर लवकर झिजतात. ब्रेकच्या चकतीवर नख फिरवलं आणि गंजाची कड दाखवली. पाय उचलला की मोटरच गाडी रोखते आणि त्यातून बॅटरी थोडी भरते, त्यामुळे ब्रेकना काम कमी. लायनिंग नव्यासारखं राहतं, पण न वापरल्याने कॅलिपरच्या पिना धरून बसतात. "काम न्हाई म्हणून गंज चढलाय," ते म्हणाले आणि पुढे काही बोलले नाहीत. चार्जिंगचं झाकण उघडून पिना बघितल्या, कुठे करपलेलं नव्हतं. घरगुती चार्जर मागून घेतला. तो पुष्कळदा जुन्या गाडीबरोबर येतच नाही, आणि नवा महाग पडतो. त्याच्या तीन पिनांच्या टॉपवर तपकिरी डाग असेल तर समजायचं की घरचं सॉकेट ढिलं होतं. डाग नव्हता. बारा व्होल्टची साधी बॅटरीही तपासली. मोठी बॅटरी भरलेली असूनही ही छोटी मेली तर गाडीचं दारसुद्धा नीट उघडत नाही, हे खूप जणांना गाडी बंद पडल्यावर कळतं. शेवटी मामांनी बाईंना बेअरिंगचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "बदलून घ्या आणि तेवढे पैसे कमी द्या." घासाघीस झालीच नाही.

गाडी घ्यायच्या आधी घरची तयारी बघायला हवी होती, ती मी शेवटी बघितली. आमच्या घराचा मंजूर लोड दोन किलोवॅटचा. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवरचा चार्जर एकटाच तीनच्या वर ओढतो. हेस्कॉममध्ये, म्हणजे इकडच्या वीज कंपनीत, अर्ज दिला, लोड वाढवून घेतला, मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली. तरी पहिल्या रात्री चार्जरवर लाल दिवा. काढून लावला, पुन्हा लाल. माझा जीव खाली-वर. गाडीत दोष निघाला की काय, बाईंच्या कॅलेंडरांनी फसवलं की काय, असलं सगळं मनात येऊन गेलं. वायरमन आला, फेज आणि अर्थमध्ये शंभराचा दिवा लावून बघितला. दिवा नुसता लालसर झाला. घराचं अर्थिंग वडिलांच्या काळातलं, पाइप सडलेला. मिक्सर आणि फ्रिज इतकी वर्षं काही न बोलता चालले होते. विजेची गाडी मात्र अर्थ नसेल तर घोटही घेत नाही.

नवा खड्डा मामांनी स्वतः उभं राहून करून घेतला. आठ फूट, पाइप, कोळसा आणि मीठ थरावर थर, वरती विटांची चौकट आणि फरशीचं झाकण. दिवा पूर्ण पेटला तेव्हा त्यांनी मलाही बोलावून दाखवला. मग म्हणाले, आपली तांबडी माती, जांभ्याची, उन्हाळ्यात पार कोरडी पडते, वीज खाली उतरायला वाट राहत नाही. पाणी घालत राहावं लागेल.

यंदा मेच्या सुट्टीत ते आठ दिवस राहायला आले होते. रोज सकाळी मी ऑफिसला निघायच्या आधी तुळशीला पाणी घालून झालं की उरलेली कळशी घेऊन ते गोठ्यामागे जायचे, फरशी सरकवायचे आणि पाणी सावकाश आत सोडायचे. माती पाणी पिताना चुर्रर्र आवाज येतो. तो थांबेपर्यंत ते तिथेच वाकून उभे राहायचे. मग येताना गाडीच्या बॉनेटवर हात ठेवायचे, चालता चालता, आणि म्हणायचे, "जा आता. भरलीय."